पसायदान हे वाक्य कोणत्या जातीचे?

खारदांड्याच्या कोळीवाड्यात कीर्तन झाले, पसायदान झाले, आरती झाली. प्रसाद वाटता वाटता एका तरुणाने शंका घातली. मुलगा कॉलेजात शिकणारा, बाप नाखवा. म्हणाला, "बुवा, रागावू नका. पण सातशे वर्षं झाली, आपण पसायदान म्हणतोय. वाइटांचा वाईटपणा गेला का? ज्याला जे पाहिजे ते मिळालं का? नाही ना? मग हे खोटंच ठरलं की!" नुकतीच सर्व भूतांत मैत्री मागून उठलेली मंडळी त्याच्यावर चांगलीच तापली. मला मात्र शंका आवडली. पूर्वमीमांसेत कोणताही विचार घ्या, आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, आणि मग सिद्धान्त. संशयाला तिथे मानाचे पान आहे. मुलाने पूर्वपक्ष नीट मांडला होता. त्याला दटावून गप्प बसवणे म्हणजे सिद्धान्त आपल्यापाशी नाही हे कबूल करण्यासारखे. त्या रात्री थोडे सांगितले, पण उभ्या उभ्या सांगून भागणारा हा विषय नव्हे. म्हणून येथे जरा विस्ताराने लिहितो.

प्रथम 'खोटे' हा शब्द पाहू. "समुद्राला भरती आली आहे" असे कोणी म्हटले, तर किनाऱ्यावर जाऊन पाहावे. आली असेल तर वाक्य खरे, नसेल तर खोटे. परंतु नाखवा खलाशाला म्हणतो, "जाळं ओढ!" आता हे वाक्य खरे की खोटे? हा प्रश्नच लागू पडत नाही. खलाशाने जाळे ओढले नाही, तर खलाशी आळशी ठरेल, बहिरा ठरेल. नाखव्याचे वाक्य खोटे ठरत नाही. म्हणजे वाक्यांच्या जाती आहेत. काही वाक्ये जे आहे ते सांगतात. काही वाक्ये काहीतरी करतात.

आपली मराठी या बाबतीत फार जाणती आहे. नवस आपण 'बोलतो'. बोलला की झाला. आणि एकदा झाला की तो 'फेडावा' लागतो, कर्ज फेडावे तसा. शब्द 'देतो', मग तो 'पाळतो' किंवा 'मोडतो'. लग्नाच्या आधी 'बोलणी' होतात, आणि वाङ्निश्चय म्हणजे नुसत्या वाणीने झालेला निश्चय. ससून डॉक १८७५ सालचा. तेथे पहाटे मासळीचा लिलाव होतो, त्यात 'बोली' लागते. बोली म्हणजे बोललेले. ज्याने आकडा उच्चारला तो बांधला गेला. "मी नुसता बोललो हो" म्हणून त्याची सुटका नाही. कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात. एक जण मागणे बोलत जातो आणि जमलेली मंडळी प्रत्येक मागण्याला "होय महाराजा" म्हणतात. ते "होय" कशाचे वर्णन करीत नाही. त्या "होय"ने मागणे साऱ्या गावाचे होते. आपल्या संप्रदायात तुळशीची माळ घालतात तेव्हा एकादशी, वारी, अभक्ष्यत्याग यांचा जो शब्द दिला जातो, तोही याच जातीचा. कोळीवाड्यात ज्याने माळ घातली त्याला विचारा, एका शब्दाने ताटात काय बदलते ते! त्याला मीमांसा शिकवावी लागत नाही.

इंग्लंडात ऑक्सफर्डला जे. एल. ऑस्टिन नावाचे एक पंडित होऊन गेले. त्यांनी १९५५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात याच विषयावर व्याख्याने दिली. ती त्यांच्या निधनानंतर १९६२ साली ग्रंथरूपाने निघाली. जहाजाला नाव ठेवणे, लग्नात होकार देणे, पैज लावणे, अशी उदाहरणे घेऊन त्यांनी दाखविले की, येथे बोलणे हेच करणे आहे. त्यांनी एक मार्मिक भर घातली. असे बोलणे खोटे ठरत नसले तरी ते फसू शकते. अधिकार नसलेल्याने बोलले, भलत्या जागी बोलले, मनात नसता बोलले, किंवा समोरच्याने ते घेतलेच नाही, तर ते वाया जाते. हा मुद्दा वाचकांनी हाताशी ठेवावा. पुढे लागणार आहे.

पश्चिमेकडे हा विचार नवा म्हणून गाजला. आपल्याकडे तो जुना. पाणिनींनी लिङ् या लकाराला आज्ञा करणे, बोलावणे, आर्जवाने काम सोपवणे, सल्ला विचारणे, मागणे असे वेगवेगळे अर्थ दिले. म्हणजे क्रियापदाच्या एका रूपात बोलणारा काय करतो आहे, हे त्यांनी निवडून ठेवले. कुमारिलभट्टांनी तेराशे वर्षांपूर्वी सांगितले की विधिवाक्यात दोन भावना असतात: एक शब्दाची, जी ऐकणाऱ्याला प्रवृत्त करते, आणि दुसरी त्या ऐकणाऱ्याची, जी त्याला फळाकडे नेते. शब्दाला प्रेरणेचे सामर्थ्य आहे हे त्यांनी ठणकावून सांगितले. हा विचार सोप्या रीतीने शिकवणारा मीमांसान्यायप्रकाश हा ग्रंथ आपदेवांचा. पाठशाळेत आम्ही त्याला 'आपदेवी' म्हणत असू. आपदेवांचे पुत्र अनंतदेव, स्मृतिकौस्तुभाचे कर्ते. हे घराणे पैठणच्या नाथमहाराजांच्या वंशातले मानले जाते. तेव्हा हा विचार आपल्या फडाबाहेरचा आहे, असे कोणी समजू नये.

आता दुसरा भाग: पुष्कळ वाक्ये मिळून एक कशी होतात? एका वाक्यापुरते उत्तर सोपे आहे. आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. "नाखव्याने जाळे..." एवढेच म्हणून थांबलो तर तुम्ही वाट पाहता, ती आकांक्षा. "पाण्याने दिवा पेटव" यात योग्यता नाही. एक शब्द आता आणि दुसरा तासाने उच्चारला तर सन्निधी नाही. पण मोठ्या ग्रंथाचे काय?

यजुर्वेद गद्य आहे. ऋचेला चरण असतात, तिथे शेवट दिसतो. गद्यात मंत्र कुठे संपला हे कसे ओळखावे? यावर जैमिनींनी कसोटी दिली. त्यांच्या सूत्राचा आशय असा: प्रयोजन एक असेल, आणि फोडले असता तुकडे एकमेकांसाठी अडून बसत असतील, तर ते सारे मिळून एक वाक्य. शब्द किती, ओळी किती, हे मोजायचे नाही. ते काय करायला निघाले आहेत ते पाहायचे. मायकेल हॅलिडे आणि आपल्या देशात जन्मलेल्या रुकैया हसन या दोघांनी १९७६ साली इंग्रजी भाषेवर ग्रंथ लिहून दाखविले की 'तो, ते, हा' अशी सर्वनामे, जोडणारे शब्द, गाळलेले शब्द, पुन्हा पुन्हा येणारे शब्द यांच्या गाठींनी लेखन बांधलेले असते. ते खरेच आहे. पण मला वाटते, गाठी जाळ्याच्याही असतात. गाठ किती अंतरावर मारायची हे मात्र कोणती मासळी धरायची आहे त्यावरून ठरते. प्रयोजन आधी, गाठी मागून.

या दोन्ही कसोट्या घेऊन पसायदानाकडे या. पसायदानाचा पहिला शब्द 'आता' असा आहे. मीमांसेचे पहिले सूत्र 'अथ' या शब्दाने सुरू होते, आणि भाष्यकार तेथेच थांबून विचारतात, 'अथ' म्हणजे कशानंतर? तोच प्रश्न आपण विचारावा. 'आता' म्हणजे केव्हा? तर सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका पुरी झाल्यावर. पुढे लगेच माउली या ग्रंथाला वाणीचा यज्ञ म्हणतात आणि 'या' यज्ञाने देवाने संतुष्ट व्हावे अशी विनवणी करतात. 'आता' आणि 'या' अशा दोन गाठी मागे बांधलेल्या आहेत. पसायदान तेवढेच कापून घेतले तर दोन्ही दोऱ्या लोंबकळत राहतात. शाळेत, सभेत, कार्यक्रमाच्या शेवटी पसायदान म्हणतात ते चांगलेच आहे, मी त्याला नावे ठेवीत नाही. पण तिथे 'आता' म्हणजे कशानंतर, हे म्हणणाऱ्याला ठाऊक असावे.

यज्ञ म्हटला की यजमान आला, ऋत्विज आले, दक्षिणा आली. शास्त्र असे की ऋत्विजाला दक्षिणा मिळते आणि यज्ञाचे फळ यजमानाला जाते. ऋत्विज यज्ञात जे आशीर्वाद मागतात, तेही यजमानाच्याच पदरी पडतात. मग या वाणीच्या यज्ञाचा यजमान कोण? ज्ञानदेवांनी यज्ञ केला, कष्ट त्यांचे, वाणी त्यांची. नियमाने फळ त्यांचे. पण फळ मागताना त्यांनी स्वतःचे नाव कोठेही घातले नाही. मागितले ते दुष्टांसाठी, सर्व प्राणिमात्रांसाठी, सज्जनांच्या भेटीसाठी, तिन्ही लोकांसाठी, आणि आठव्या ओवीत या ग्रंथावर जगणाऱ्यांसाठी. यज्ञ एकाने केला आणि यजमानपण साऱ्या विश्वाला दिले! पुढे ग्रंथ संपविताना पुन्हा एकदा या ग्रंथाच्या पुण्याची संपत्ती सर्व भूतांच्या सुखासाठी वाटून दिली आहे. हा वाटा कोणाला मागावा लागला नाही. जन्माला आला तो वाटेकरी झाला.

आता नववी ओवी. येथे बोलणारा बदलतो, इकडे कित्येकांचे लक्षच नसते. आठ ओव्या मागणे आहे. नवव्या ओवीत विश्वाचा स्वामी बोलतो (संप्रदायाच्या अर्थाने सद्गुरू निवृत्तिनाथ) आणि हे दान तुला मिळेल असे म्हणतो, आणि त्या वराने ज्ञानदेव सुखी होतात. मागणे झाले, देणाऱ्याचा होकार झाला, घेणाऱ्याचे समाधान झाले. लिलावात बोली लागली आणि तुटली, गाऱ्हाण्यात "होय महाराजा" झाले, तसा हा व्यवहार पुरा झाला. मघाच्या मुलाचे म्हणणे असे होते की हा जगाविषयीचा अंदाज चुकला. येथे अंदाज कोठे आहे? वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या बातमीसारखे एकही क्रियापद या आठ ओव्यांत नाही. सारी क्रियापदे मागण्याची.

आणि यानंतर काय येते? हे फार थोडे लोक वाचतात. पसायदानापुढे ग्रंथात स्थळ येते: गोदातीरीचे पंचक्रोश क्षेत्र, म्हणजे आपले नेवासे. मग राजाचे नाव येते, यादव रामचंद्रदेव. मग गुरुपरंपरा आणि कर्त्याचे नाव. शेवटी शक १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, आणि लेखक सच्चिदानंदबाबा. स्थळ, राजा, शक, लेखक. असा शेवट आपण आणखी कोठे पाहिला आहे?

दानपत्रात! त्याच रामचंद्रदेवाच्या काळचा पंढरपूरच्या देवळातला चौऱ्यांशीचा शिलालेख वारकऱ्यांना ओळखीचा आहे. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून त्या दगडाला पाठ घासण्याची रीत पडली; इतकी पाठ घासली की अक्षरे झिजली. त्या दगडावर शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या देवळाला भक्तांनी दिलेल्या देणग्यांच्या नोंदी आहेत. ते दगडाचे बोलणेही वर्णन नव्हे. "अमक्याने इतके दिले" असे कोरले, म्हणजे दिले ते कायमचे बांधले गेले. राजाच्या कृपेने मिळालेल्या देणगीलाही 'पसाय' म्हणत; प्रसाद या शब्दाचे ते रूप. 'पसायदान' हे नावच मुळी अर्धे देवळातले आणि अर्धे दरबारातले आहे.

आपल्या किनाऱ्यावरही असा एक दगड आहे. अलिबागजवळ अक्षी गावचा शिलालेख, शके ९३४, म्हणजे १०१२. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो मराठीतला सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. त्यात आरंभी जगात सुख असावे अशी इच्छा आहे, मग पश्चिम समुद्राचा अधिपती म्हणवणाऱ्या केसिदेव राजाचे नाव, मग दान, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. अशा दगडांना गधेगाळ म्हणतात. त्यावर गाढव कोरलेले असते आणि ती शिवी अशी असते की या पानावर लिहिता येत नाही. कोकणात आणि घाटावर शेतांच्या बांधांवर, देवळांच्या आवारात असे कितीतरी गधेगाळ उभे आहेत. वर सूर्य आणि चंद्र कोरलेले, ते असेपर्यंत हे दान चालावे म्हणून. खाली शाप.

आता पसायदान पुन्हा मनात आणा. जगाच्या सुखाची इच्छा आहे. दान आहे. देणाऱ्याचा होकार आहे. सूर्यचंद्रही आहेत, पण दगडावर कोरलेले नाहीत. निष्कलंक चंद्र आणि न पोळणारे सूर्य म्हणजे माणसेच, सज्जन, आणि ते सर्वांचे सोयरे व्हावेत असे मागणे आहे. पुढे स्थळ, राजा, शक, लेखक. दानपत्राची सारी अंगे जागच्या जागी. एकच अंग नाही. शाप नाही. दानपत्र मोडणारा जो दुष्ट, ज्याच्यासाठी साऱ्या जगाने गाढव आणि शिवी राखून ठेवली, त्याचा उल्लेख माउलींनी शेवटी न करता आरंभीच, दुसऱ्या ओवीत केला. आणि त्याचा नाश न मागता त्याचे वाकडेपण गळावे, त्याला सत्कर्माची गोडी लागावी, असे मागितले. माउलींनी दानपत्र समोर ठेवून हे लिहिले, असा माझा दावा नाही. पण जे लोक दानाची ही भाषा रोज ऐकत होते, त्यांच्या कानाला शापाची रिकामी जागा ऐकू आली असेलच.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे समाधान. देवळाला जमीन दिल्याचा लेख दगडावर आहे आणि पुढे कोणी ती जमीन बळकावली. लेख खोटा ठरला का? नाही. बळकावणारा दोषी ठरला. दान खरे किंवा खोटे नसते. ते पाळले जाते किंवा मोडले जाते. सातशे वर्षांत जगात जे वाईट झाले त्याने पसायदान खोटे पडले नाही, ते मोडले गेले. आणि मोडणाऱ्याला शाप नाही, म्हणून ते रोज नव्याने मोडताही येते. शाप न घालण्याची ही किंमत आहे, आणि माउलींनी ती जाणून दिली असे मी समजतो.

यावर कोणी म्हणेल, "बुवा, ही पळवाट झाली. मागणे कधी फसतच नाही म्हणता, मग काहीही मागावे!" तसे नव्हे. मागणे फसते. मघाशी ऑस्टिन पंडितांचे म्हणणे हाताशी ठेवा म्हटले ते यासाठीच, आणि आपल्या मीमांसेत तर यालाच अधिकार म्हणतात. ज्ञानदेवांना मागण्याचा अधिकार होता, कारण त्यांनी यज्ञ पुरा करून हात पुढे केला. आपण यज्ञ न करता तेच शब्द उच्चारतो. तासभर दुसऱ्याची उणीदुणी काढावी आणि उठता उठता घाईने पसायदान उरकावे, येथे ते फसते. माउलींचे नाही, आपले. त्या मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे खोटं आपण पाडतोय?" मी म्हटले, "खोटं नव्हे रे, पोकळ." तो हसला, पण त्याला पटले की नाही हे मला कळले नाही.

नव्या कीर्तनकारांसाठी याच सूत्रातून एक गोष्ट निघते. अभंग निरूपणाला घेतला की आधी चरणाचरणाचा अर्थ लावत बसू नका. अभंग काय करतो आहे ते आधी ओळखा. मागतो? भांडतो? शरण जातो? बजावतो? आभार मानतो? ते ध्रुपदात बहुधा सापडते. म्हणून तर प्रत्येक चरण म्हणून झाल्यावर टाळकरी ध्रुपदाकडे परततात. ती नुसती चालीची सोय नव्हे, ती एकवाक्यता आहे. तुकोबारायांचे देवाशी भांडणाचे अभंग पाहा. त्यातला एक चरण तोडून, "पाहा, तुकोबांचाही देवावर विश्वास नव्हता," असे म्हणणारे भेटतात. भांडणाचे वाक्य हे साक्षीचे वाक्य समजल्याने हा घोटाळा होतो. ज्याच्या दारात जाऊन भांडतो, तो घरात आहे हे भांडणाऱ्याने धरलेलेच असते. तसेच 'मी पतित, मी हीन' अशा अभंगांवरून संतांचे चरित्र लिहू जाणारे. लोटांगण घालणाऱ्याची उंची मोजू नये.

आणि शेवटची नाममुद्रा. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी'. पुष्कळांना ती कवीची सही वाटते. सही आहे, पण दानपत्रावरच्या सहीसारखी. कोण बोलला हे तर ती सांगतेच, शिवाय बोललेले त्याच्या अंगावर घेते. जनाबाई मुद्रेत स्वतःला नामदेवांची दासी म्हणवतात, तेव्हा त्या प्रत्येक अभंगाच्या शेवटी ते नाते पुन्हा जोडतात. म्हणून मुद्रेचा चरण घाईने गिळू नये. टाळाच्या गजरात तो हरवतो असा अनुभव आहे.

पसायदान म्हणतानाही तीच काळजी घ्यावी. आठवी ओवी संपली की म्हणणाऱ्याने क्षणभर थांबावे, टाळही थांबवावेत. पुढची ओवी मागणाऱ्याची नाही, देणाऱ्याची आहे. सगळे एका सुरात, एका दमात म्हटले तर मागणारा आणि देणारा एकच वाटतो, आणि होकार कानावर पडत नाही. खारदांड्याच्या मंडळींनी आता तसे म्हणायला घेतले आहे. पहिल्या दोन खेपांना कोणी कोणी चुकून पुढे गेले, मग जमले.